मुंबईत रात्र काढायची कुठं?

(महिला बचत गटांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातलं बोलणं)

जेवणं उरकली असतील. भांडी राहिली असतील तर राहू द्या घटकाभर. आज मी पापडाचं माप किंवा शेळीचं औषध सांगणार नाही. गावाबाहेर पडताना आपल्याला अडवणाऱ्या एका प्रश्नावर बोलणार आहे. तो प्रश्न म्हणजे, "जाशील गं, पण राहशील कुठं?"

एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट झालं. जाण्यायेण्याचा खर्च कमी झाला. तरी मुंबईचं नाव निघालं की आपल्यातल्या निम्म्याजणी मागं सरतात, कारण रात्र काढायला जागा माहीत नसते. माल विकायला जायचं राहतं, लेकीची परीक्षा राहते, कधी औषधपाणीसुद्धा राहतं.

माझंच सांगते. सात वर्षांमागं माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या गळ्याला गाठ आली. तालुक्याच्या डॉक्टरांनी मुंबईला परळच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणून चिठ्ठी दिली. घरचे पुरुष ऊसतोडीला गेलेले. आम्ही दोघीच निघालो. पहिल्या दिवशी नाव नोंदवलं, तपासण्या पुढच्या तीन दिवसांत होणार होत्या. एका नातेवाइकाचा पत्ता होता, पण त्याच्या एका खोलीत पाच माणसं आणि लेकाची दहावी. आम्ही चहा घेतला आणि उठलो. मग एका लॉजवर गेलो. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "बरोबर जेन्ट्स कोण आहे?" कुणी नाही म्हटल्यावर त्यानं रजिस्टर मिटलं. दोन रात्री आम्ही स्टेशनवर बसून काढल्या. जाऊबाई माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडायच्या आणि मी पिशव्या धरून जागी.

तिसऱ्या दिवशी रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "वहिनी, तुम्ही समाजसेवा विभागात गेला नाहीत का?" त्या दिवशी आम्हाला दादरच्या एका धर्मशाळेत जागा मिळाली. परळपासून दादर एकच स्टेशन आहे. जागा इतकी जवळ असून आजारी बाईला दोन रात्री स्टेशनवर बसवलं, ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही. म्हणून हे बोलणं.

आधी त्या लॉजवाल्याचं बघू. बरोबर पुरुष नाही म्हणून बाईला खोली देऊ नये, असा कोणताही कायदा नाही. उलट आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावं घेऊन सांगितलंय की, केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणाला तिथं मज्जाव करता येणार नाही. रात्री दहाला काउंटरवर हे भांडत बसणं सोपं नाही, मला ठाऊक आहे. पण आपण काही चूक करतोय असं वाटून मान खाली घालू नका. आणि ती वेळच येऊ नये म्हणून जागा गावातूनच ठरवून निघा.

जागा शोधताना पहिला प्रश्न "स्वस्त कुठं मिळेल" हा नको. "मी कशासाठी चाललेय" हा हवा. कामानुसार जागा वेगळी असते.

दवाखान्यासाठी जाताना

मोठ्या दवाखान्यांत समाजसेवा विभाग असतो. सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत तिथल्या अधिकाऱ्यांना समाजसेवा अधीक्षक म्हणतात. राहायची सोय, औषधाची मदत, धर्मादाय संस्थांचे अर्ज यांची माहिती तिथं मिळते. केसपेपर काढला की पहिल्याच दिवशी तिथं जा. आमच्यासारखं तिसऱ्या दिवशी नको.

मुंबईत रुग्ण आणि नातेवाइकांसाठी चालणाऱ्या जागा बऱ्याच आहेत. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. गाडगेबाबांचा जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. लांबून आलेल्या गरिबाला अंग टाकायला जागा पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. आज दादरच्या धर्मशाळेत कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसं राहतात. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. कॅन्सर झालेल्या लहान लेकरांसाठी सेंट ज्यूड नावाची संस्था २००६ पासून काम करते. तिथं लेकरासोबत आईबापांना विनामूल्य राहता येतं आणि स्वयंपाकाची सोयही असते.

या जागा भरलेल्या असतात. म्हणून फोन करून तीन गोष्टी विचारा: दवाखान्याचं पत्र लागतं का, रुग्णासोबत किती माणसं चालतात, आणि किती दिवस राहता येतं. रुग्णाचं आणि सोबतच्या माणसाचं ओळखपत्र आणि केसपेपरची झेरॉक्स पिशवीत वेगळी ठेवा. जागा नसेल तर प्रतीक्षा यादीत नाव लिहा आणि दुसरीकडंही विचारा.

एकाच रात्रीचा प्रश्न असेल तर

गाडी पहाटे पोचते, काम दुपारी आहे, परतीची गाडी दुसऱ्या दिवशी. अशा वेळी स्टेशनच बघा. मोठ्या स्टेशनांवर रेल्वेच्या रिटायरिंग रूम असतात. कुठं खोल्या, कुठं एका हॉलमध्ये ओळीनं कॉट, त्याला डॉर्मिटरी म्हणतात. रेल्वेच्या संकेतस्थळावर तिकिटावरचा पीएनआर नंबर टाकून ती ठरवता येते. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असावं लागतं, वेटिंगच्या तिकिटावर मिळत नाही. जिथून गाडीत बसणार किंवा जिथं उतरणार त्याच स्टेशनवर मिळते. घरातल्या शिकलेल्या पोरीकडून हे काम करून घ्या.

आता एक गंमतीची जागा सांगते. मुंबई सेंट्रल स्टेशनवर नोव्हेंबर २०२१ मध्ये पॉड हॉटेल सुरू झालं. पॉड म्हणजे भिंतीत बसवलेली झोपायची पेटी म्हणा ना. एकावर एक अशा त्या पेट्या. आत गादी, दिवा, एसी, मोबाईल चार्ज करायची सोय. मोरी-संडास बाहेर, सगळ्यांत मिळून. सुरू झालं तेव्हा असे ४८ पॉड होते, त्यातले काही फक्त बायकांसाठी वेगळे. तेव्हाचा दर १२ तासांना ९९९ रुपये आणि २४ तासांना १,९९९ रुपये होता. ही कल्पना जपानची. तिथल्या ओसाका शहरात १९७९ साली असं पहिलं हॉटेल निघालं, शेवटची लोकल चुकलेल्या नोकरदारांना ते सोयीचं पडलं. एकट्या बाईला रात्रभर सुरक्षित पडायला ही जागा चांगली. पण चौघी-पाचजणी असाल तर हिशेब करा, तेवढ्या पैशात दोन खोल्या मिळू शकतात. आणि गुडघे धरलेल्या आजीला वरच्या पेटीत चढवू नका, खालचा पॉड मागून घ्या.

झोपायचं नसेल, नुसतं सामान ठेवून कामाला जायचं असेल, तर क्लोक रूम आहे. तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप हवं. आपली गाठोडी आणि कापडी पिशव्या तिथं घेत नाहीत. म्हणून एक कुलपाची बॅग गटात असू द्या, जिला लागेल तिनं न्यावी.

विक्री, प्रशिक्षण किंवा परीक्षेसाठी

वांद्रे-कुर्ला संकुलात महालक्ष्मी सरससारखी प्रदर्शनं भरतात. 'उमेद'मार्फत जाणार असाल तर राहायची सोय कुठं, कितीजणींची, स्टॉलपासून किती लांब, हे तालुक्याच्या माणसांना निघायच्या आधी विचारा आणि गटाच्या वहीत लिहून घ्या. "तिथं गेल्यावर बघू" या वाक्यावर कुणी एसटीत बसू नका.

आपलं आपण जायचं असेल तर वायडब्ल्यूसीए म्हणजे तरुण ख्रिस्ती महिलांच्या संस्थेचं अतिथीगृह फोर्ट-कुलाबा भागात आहे. साल्व्हेशन आर्मीचं वसतिगृह कुलाब्यात आहे, तिथं कॉटच्या हिशेबानंही राहता येतं. दोन्हीकडं कोणत्याही धर्माच्या माणसाला राहता येतं. अलीकडं शहरात बॅकपॅकर हॉस्टेल निघाली आहेत. एका खोलीत चार-सहा दुमजली कॉट आणि कॉटपुरतं भाडं. ठरवताना "फक्त बायकांची डॉर्मिटरी" असं स्पष्ट मागा. लेक नोकरीला किंवा नोकरीच्या प्रशिक्षणाला जास्त दिवस राहणार असेल तर नोकरदार महिलांसाठी सरकारची 'सखी निवास' योजना आहे, तिची चौकशी महिला व बालविकास कार्यालयात करा.

गावाची खोली

मुंबईत एक जुनी रीत आहे. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी गावांनी चाळीत खोली घेऊन ठेवली. गावचा माणूस आला की तिथं वळकटी टाकायचा आणि जेवायला खानावळीत जायचा. गोव्याच्या लोकांनीही हेच केलं. धोबीतलाव भागात त्यांचे 'कूड' आहेत, एकेका गावाच्या नावाचे. बोटीवर कामाला जाणारे खलाशी बोट मिळेपर्यंत तिथं थोड्या पैशात राहायचे. त्यातले काही कूड अजून आहेत.

पण या खोल्या पुरुषांच्या. खानावळ चालवून बायकांनी त्यांना जेवू घातलं, पण बाईनं मुक्काम करावा अशी ती जागा नव्हती. आता आपल्या गावाचं मुंबईत मंडळ असेल, त्याची खोली असेल, तर ग्रामसंघाचा ठराव करून मंडळाला पत्र का लिहू नये? गावातली आजारी बाई आणि तिच्या सोबतीण यांच्यासाठी महिन्यातले काही दिवस खोली मोकळी ठेवा, एवढंच मागायचं. यात्रेची वर्गणी आपणही देतोच की.

देवाच्या दारी

दिल्लीला जायची वेळ आली तर बंगला साहिबसारख्या मोठ्या गुरुद्वारात यात्रेकरूंसाठी निवास आहे. नांदेडला हुजूर साहिबला जाऊन आलेल्यांना ही पद्धत माहीत आहे. लंगरमध्ये कुणालाही विनामूल्य जेवण मिळतं. डोक्यावर पदर घ्यायचा, तंबाखू-मिश्री जवळ ठेवायची नाही. ती जागा हॉटेल नाही, तिथले नियम पाळायचे.

हिशेब आणि सावधगिरी

खोलीचा आकडा एकटा बघू नका. समजा, लांबच्या उपनगरात खोली ७०० रुपयांना आहे आणि कामाच्या जवळ १,००० रुपयांना. दोघीजणींचं रोजचं रिक्षा-लोकलचं भाडं २५० रुपये आणि बाहेरचा एक जादा चहा-नाश्ता १०० रुपये धरला, तर लांबची खोली १,०५० रुपयांना पडली. वर तीन तास गर्दीत गेले ते वेगळे. खोलीवर जीएसटी लागतो तोही आधी विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के आहे. ९०० रुपयांच्या खोलीवर ४५ रुपये. कुणी याहून जास्त लावले तर पावती मागा.

फोनवर हे विचारा: खोली सोडायची वेळ कोणती? पहाटे पोचलो तर आत घेता का? संडास खोलीत की बाहेर? कडी आतून लागते का? रात्री काउंटरला कोण असतं?

आता फसवणुकीचं. धर्मशाळा, भक्तनिवास, हॉटेल यांच्या नावानं खोटी संकेतस्थळं आणि खोटे फोन नंबर निघालेत. शोधून मिळालेल्या पहिल्याच नंबरवर पैसे पाठवू नका. जाऊन आलेल्या माणसाकडून नंबर घ्या, किंवा दवाखान्याकडून, संस्थेकडून. जमेल तिथं पैसे पोचल्यावरच द्या. "पैसे परत करतो, पिन टाका" असं कुणी म्हटलं तर फोन ठेवून द्या, पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही. फसलात तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा.

ओळखपत्र दाखवावं लागतंच. आधारची झेरॉक्स द्यायची तर ज्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात ती झाकलेल्या नंबरची प्रत काढून न्या. आणि खरंच अडचणीत सापडलात, कुठंच आसरा नाही, भीती वाटतेय, तर महिलांसाठी १८१ आणि कोणत्याही संकटासाठी ११२. रेल्वेत असाल तर १३९. संकटातल्या बाईला सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा मिळतो.

शेवटचं काम मात्र तुमचं. आमच्या गटानं एक वही केली आहे. शंभर पानी, साधी. जी शहरात राहून येते ती आल्यावर बैठकीत सांगते आणि सचिव लिहून घेते: जागेचं नाव, फोन, किती पैसे दिले, पाणी होतं का, माणसं कशी बोलली, परत जाशील का. आजवर अकरा जागा झाल्यात. त्यातल्या दोन जागांपुढं लाल पेनानं "नको" लिहिलंय, तेही उपयोगाचंच आहे.

वहीतलं पहिलं पान जाऊबाईंनी सांगितलेलं आहे. त्या आता बऱ्या आहेत. सहा महिन्यांनी तपासणीला जातात, फोन करून जागा सांगून ठेवतात आणि एकट्याच जातात. मागच्या वेळी शेजारच्या वाडीतल्या दोघी त्यांच्यासोबत गेल्या.

येत्या बैठकीत तुमच्या गटातही विचारा, कोण कुठं राहून आलंय. पहिलं पान लगेच भरेल. बराय, भेटू पुढच्या बुधवारी. नमस्कार.