महाविद्यालयीन संगणक जाळे

महाविद्यालयीन संगणक जाळे : महाविद्यालयाच्या आवारातील प्रयोगशाळा, ग्रंथालय, कार्यालय व वर्गखोल्या यांतील संगणक परस्परांशी, तसेच आवाराबाहेरील इंटरनेटशी जोडणाऱ्या साधनांची एकत्रित रचना. तीत बाहेरून येणारी प्रकाशीय तंतूची वाहिनी, आवारातील केबली, राउटर, स्विच, बिनतारी प्रक्षेपक आणि अखंड वीजपुरवठ्याची साधने यांचा समावेश होतो. वापर वाढला, की ही रचना अपुरी पडते व तिचे क्षमतावर्धन करावे लागते. केवळ बाहेरील वाहिनीचा वेग वाढविणे म्हणजे क्षमतावर्धन नव्हे. साखळीतील सर्वांत मंद दुवा जेवढा वेग देईल, तेवढाच विद्यार्थ्याच्या पदरी पडतो.

इतिहास : शिक्षणसंस्थांसाठी स्वतंत्र जाळे उभारण्याची कल्पना इंटरनेट सार्वजनिक होण्यापूर्वीची आहे. ब्रिटनमध्ये ‘जॅनेट’ हे जाळे १९८४ मध्ये सुरू झाले. अमेरिकेत राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या जाळ्याचा वेग १९८६ मध्ये सेकंदाला ५६ किलोबिट होता. तो १९८८ मध्ये सु. १·५ मेगाबिट व १९९१ मध्ये ४५ मेगाबिट करण्यात आला. भारतात १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हा प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यातील आरंभीच्या संस्थांत मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्था यांचा समावेश होता. त्या काळी सेकंदाला ९,६०० बिट वाहून नेणारी तार पुरेशी वाटे, कारण तिच्यावरून मुख्यतः अक्षरी पत्रव्यवहार होई. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली.

संलग्न महाविद्यालयांपर्यंत हा लाभ पोहोचविण्याचा मोठा प्रयत्न २००९ मधील माहिती व संज्ञापन तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय शिक्षण अभियानाने केला. त्यानुसार विद्यापीठांना सेकंदाला १ गिगाबिट क्षमतेची वाहिनी, तर महाविद्यालयांना ५१२ किलोबिटच्या अनेक जोडण्या व पुढे शक्य तेथे १० मेगाबिटची वाहिनी देण्याची योजना होती. खर्चाचा ७५ टक्के भाग केंद्र शासनाचा व सर्वसाधारणपणे २५ टक्के संस्थेचा होता. मुंबईत दूरध्वनीसेवा महानगर टेलिफोन निगमाकडे असल्याने येथील जोडण्याही त्याच निगमामार्फत देण्यात आल्या. उच्च शिक्षण व संशोधनसंस्थांना जोडणाऱ्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्यास मार्च २०१० मध्ये ५,९९० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. त्याच वर्षी ‘एन-लिस्ट’ या योजनेद्वारे महाविद्यालयांना नियतकालिके व ग्रंथ संगणकावर उपलब्ध होऊ लागले.

वेगाचे गणित : ६०० मेगाबाइटचे चित्रित व्याख्यान म्हणजे ४,८०० मेगाबिट होत. सेकंदाला ९,६०० बिटच्या तारेवरून ते उतरवून घेण्यास सु. पावणेसहा दिवस, १० मेगाबिटच्या वाहिनीवरून आठ मिनिटे आणि १ गिगाबिटच्या वाहिनीवरून पाच सेकंदांहून कमी वेळ लागेल. मात्र हा हिशोब वाहिनी एकाच संगणकाच्या स्वाधीन आहे असे मानून केलेला आहे. वीस विद्यार्थ्यांनी तीच १० मेगाबिटची वाहिनी एकाच वेळी वापरल्यास आठ मिनिटांच्या जागी दोन तास चाळीस मिनिटे लागतील. चाळीस संगणकांच्या प्रयोगशाळेत प्रत्येकास चलच्चित्रासाठी २ मेगाबिट हवे असल्यास ८० मेगाबिटची गरज पडते. १० मेगाबिटमध्ये केवळ पाचांची सोय होते. म्हणून ‘महाविद्यालय जोडले गेले’ आणि ‘विद्यार्थ्याची सोय झाली’ ही दोन भिन्न विधाने आहेत.

आवारातील रचना : बाहेरील वाहिनी जेथे येते त्या मुख्य कक्षापासून प्रत्येक इमारतीपर्यंत प्रकाशीय तंतू आणि इमारतीतील स्विचपासून संगणकापर्यंत तांब्याची केबल, अशी रचना सामान्यतः करतात. तांब्याच्या केबलीची मर्यादा १०० मी. असल्याने लांब इमारतीत मजल्यागणिक स्विच बसवावे लागतात. एकपथी प्रकाशीय तंतू कित्येक किमी. अंतर सहज पार करतो. तो एकदा टाकल्यावर पुढे दोन टोकांची उपकरणे बदलून वेग वाढविता येतो. म्हणून खोदकाम करतानाच गरजेपेक्षा अधिक तंतू टाकणे शहाणपणाचे ठरते. बिनतारी प्रक्षेपकाची क्षमता त्याच्या कक्षेतील सर्वांत वाटली जाते. त्यामुळे मोठ्या वर्गात एकाच शक्तिमान प्रक्षेपकापेक्षा योग्य अंतरावर बसविलेले अनेक प्रक्षेपक अधिक उपयोगी पडतात.

शिवाजी पार्क परिसर : या विषयातील अडचणी समजण्यास मुंबईतील शिवाजी पार्क व लगतचा दादर-माटुंगा हा भाग उद्‌बोधक आहे. कीर्ती महाविद्यालय (१९५४), रुपारेल महाविद्यालय (१९५२), रुईया महाविद्यालय (१९३७) आणि १८८७ मध्ये स्थापन होऊन १९२३ मध्ये माटुंग्यास आलेली, आता वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाणारी तंत्रशिक्षणसंस्था थोड्या अंतरात एकवटल्या आहेत. प्रभादेवीच्या ज्या काशीनाथ धुरू मार्गावर कीर्ती महाविद्यालय आहे, त्याच मार्गावर लोकमान्य विदेश संचार भवन उभे आहे. विदेश संचार निगमाने बांधलेल्या या वास्तूने देशाच्या आंतरराष्ट्रीय दळणवळणात महत्त्वाचे कार्य केले. युरोप व आशिया यांना जोडणारी ‘फ्लॅग’ ही समुद्री केबल १९९७ मध्ये कार्यान्वित झाली. तिच्यामुळे व नंतरच्या केबलींमुळे मुंबई हे देशाचे प्रमुख सागरी माहितीद्वार बनले. तथापि अशा वास्तूच्या सान्निध्याने शेजारच्या वर्गखोलीला वेग मिळत नाही. समुद्री केबलीतील माहिती सेवापुरवठादाराच्या केंद्रातून रस्त्याखालील वाहिनीने आवारात आणि तेथून जिन्याने-भिंतींतून वर्गात जाते. यांतील शेवटचे काहीशे मीटरच बहुधा सर्वांत कठीण असतात.

येथील जुन्या इमारतींच्या जाड भिंती बिनतारी लहरी अडवितात. रस्ता खोदण्यास महानगरपालिकेची परवानगी लागते व पावसाळ्यात खोदकाम थांबते, म्हणून काम मे महिन्यापूर्वी उरकणे इष्ट असते. सागरी हवेतील क्षारांमुळे तांब्याचे सांधे गंजतात आणि पाणी शिरल्यास संकेत क्षीण होतात. काचेच्या तंतूला हा धोका पुष्कळच कमी असतो. हिंदमातासारखे सखल भाग जवळच असल्याने मुख्य उपकरणे तळमजल्यावर न ठेवता वरच्या मजल्यावर ठेवणे सोयीचे होय. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने मुंबईला हा धडा दिला आहे.

खर्च व देखभाल : क्षमतावर्धनासाठी एकदाच मिळणारे अनुदान व दरवर्षी येणारा खर्च यांत भेद केला पाहिजे. केबली दीर्घकाळ टिकतात. स्विच व प्रक्षेपक त्यामानाने लवकर कालबाह्य होतात. वाहिनीचे भाडे, विजेरी संचांची अदलाबदल आणि जाणकार तंत्रज्ञाचे वेतन हे खर्च कायमचे असतात. या आवर्ती खर्चाची तरतूद नसल्यास उत्तम उपकरणेही कपाटात बंद राहतात. शेजारच्या अनेक महाविद्यालयांनी एकत्र येऊन वाहिनी व तंत्रज्ञ यांचा खर्च वाटून घेणे हा एक व्यवहार्य उपाय आहे.

सामाजिक महत्त्व : दादर-परळ-लालबाग भागातील अनेक विद्यार्थी चाळीतील एका खोलीत मोठ्या कुटुंबासह राहतात. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे महाविद्यालये बंद झाली, तेव्हा घरातील एकच दूरध्वनी भावंडांत वाटून घेऊन व्याख्याने ऐकण्याची वेळ कित्येकांवर आली. ज्याच्या घरी स्वतंत्र संगणक व वाहिनी आहे त्याला महाविद्यालयाचे जाळे ही जादा सोय वाटते; ज्याच्या घरी ती नाहीत त्याला तेच एकमेव साधन असते. दिवसा नोकरी करून शिकणाऱ्यांच्या बाबतीत संगणककक्ष संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडा राहतो, हा प्रश्न वाहिनीच्या वेगाइतकाच महत्त्वाचा ठरतो. जाळ्याच्या क्षमतेचे मूल्यमापन करताना जोडण्यांची संख्या मोजण्यापेक्षा गर्दीच्या वेळी प्रत्यक्ष एका विद्यार्थ्याच्या वाट्यास येणारा वेग व वेळ मोजणे, हीच त्याची खरी कसोटी होय.