जुना ट्रक घेताय? आधी सायलेन्सर तपासा



गळीत हंगाम तोंडावर आला की ऊस वाहतुकीसाठी जुन्या ट्रकचा शोध सुरू होतो. इंजिनाचा आवाज ऐकायचा, टायर बघायचे, चेसी ठोकून पाहायची, कागद तपासायचे, ही आपली रीत. ती चुकीची नाही, पण आता अपुरी आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर नव्या गाड्यांना बी. एस. सहा हे धुराचे नियम लागू झाले. त्यानंतरचा डिझेल ट्रक आता वापरून विक्रीला येतो, तेव्हा त्याच्या सायलेन्सरच्या जागी धूर साफ करणारा एक छोटा कारखानाच बसवलेला असतो. तो बिघडला तर एकेक सेन्सर हजारोंच्या घरात जातो, आणि पूर्ण जोडणी बदलायची वेळ आली तर लाखांचा हिशेब होतो. स्वस्तात मिळालेली गाडी मग ‘चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला’ अशी गत करते.

धूर साफ होतो कसा?

इंजिनातून निघालेला धूर आधी एका जाळीतून जातो. तिथे प्लॅटिनमसारख्या महागड्या धातूंचा मुलामा असतो. पुढे फिल्टर असतो. तो काजळी अडवतो. काजळी साठली की सुमारे ६०० अंश उष्णतेवर ती आतल्या आत जाळली जाते. याला कंपनीवाले रीजनरेशन म्हणतात. काजळी जळते, पण इंजिन ऑइलची राख मागे उरते. ती ठराविक किलोमीटरनंतर फिल्टर काढून साफ करावी लागते.

शेवटी धुरावर युरियाचे पाणी फवारले जाते. यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो. उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि धुरातल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडचे रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये व पाण्यात होते. हे नीट चालले आहे का, यावर सेन्सर पहारा करतात. गडबड दिसली की दिवा लागतो, आणि तरी दुर्लक्ष केले तर गाडीची ताकद आपोआप कमी होते. भरलेली गाडी मग चढाला दम सोडते.

उसाच्या गाड्यांनाच त्रास जास्त का?

काजळी जळायला सायलेन्सर तापावा लागतो आणि त्यासाठी भरल्या गाडीने सलग पळावे लागते. आपल्याकडे गाडी फडातून पाणंदीने हळूहळू निघते आणि यार्डात नंबर लागेपर्यंत उभी राहते. कित्येक ड्रायव्हर इंजिन चालूच ठेवतात. सायलेन्सर तापत नाही, काजळी मात्र साठत राहते. हंगाम संपल्यावर गाडी महिनोन् महिने उभी असते, तेव्हा युरियाचे पाणी वाळून फवाऱ्याच्या तोंडाशी पांढरे खडे धरतात.

एक सूचना ड्रायव्हरला जरूर द्यावी. उभ्या गाडीवर रीजनरेशन करताना सायलेन्सर अतिशय तापतो. ते फडात, वाळल्या पाचटावर कधीही करू नये. आग लागायला वेळ लागत नाही.

शेतातला युरिया चालत नाही

घरात युरियाची पोती आहेतच, मग विकतचे पाणी कशाला, असा विचार मनात येतो. तो महागात पडतो. खताचा युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो आणि त्यात इतर अशुद्ध द्रव्येही असतात. त्याने फवारा तुंबतो आणि आतली जाळी निकामी होते. शिवाय शेतीचे खत दुसऱ्या कामाला वापरणे हा खत नियंत्रण आदेश १९८५ खाली गुन्हा आहे. नुसते पाणी किंवा चुकून डिझेल त्या टाकीत गेले, तरी पंप व सेन्सरचे नुकसान होते.

सौदा करण्यापूर्वी हे पाहा

१) चावी फिरवली की इशाऱ्याचे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. दिवा लागतच नसेल, तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

२) धुराड्याच्या तोंडात फडके फिरवा. फिल्टर शाबूत असेल तर ते काळेकुट्ट होत नाही.

३) युरियाच्या टाकीचे झाकण उघडा. आतले पाणी नितळ हवे, वर तेलाचा तवंग नको.

४) कंपनीच्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून घ्या. काजळी किती व राख किती साठली, जुने बिघाड कोणते, हे कागदावर घ्या. बिघाडाची नोंद पुसता येते. म्हणून भरली गाडी चाळीस-पन्नास किलोमीटर पळवून पुन्हा स्कॅन करा.

५) ऑइल बदलल्याच्या व फिल्टर साफ केल्याच्या पावत्या मागा. ऑइल कमी राखेचे, कंपनीने सांगितलेलेच हवे.

तपासणीला नकार देणाऱ्या दलालाचा ट्रक कितीही चकाचक असला, तरी सौदा सोडलेला बरा.

गाडी घेतली असेल तर

फिल्टर तुंबला की थेट नवा बसवायची घाई करू नका. इंजेक्टर गळतो का, टर्बो ऑइल टाकतो का, हे आधी पाहा. मूळ दुखणे राहिले तर नवा फिल्टरही तुंबेल. साफ करून भागते का, तेही विचारा.

‘सगळे काढून टाका, डबी बसवतो’ असे काही मिस्त्री सांगतात. ही डबी इंजिनाच्या कॉम्प्युटरला खोटी माहिती देते. असा बदल बेकायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) प्रमाणे प्रदूषणाचे नियम मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. पुढे गाडी विकतानाही किंमत पडते.

ऐन हंगामात ट्रक उभा राहिला तर एकट्या मालकाचे नुकसान होत नाही. टोळीला दिलेली उचल अंगावर राहते, कर्जाचा हप्ता थांबत नाही, आणि तोडलेला ऊस फडात वाळून वजन व साखर दोन्ही घटते. तो ऊस आपल्याच एखाद्या सभासदाचा असतो. तेव्हा बॉयलर पेटण्याआधीच गाडी स्कॅन करून घ्यावी, हे आमचे सर्व वाहनमालक सभासदांना सांगणे आहे.