निबंध छापून आला, पण त्यातला तक्ता कोणी तपासला?

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. जनुकशास्त्र आणि संगणक यांवरचा शोधनिबंध चांगल्या नियतकालिकात आला, तज्ज्ञांनी तो तपासला, मग आपण पुन्हा कशाला तपासायचा? आज याचं उत्तर एका साध्या उदाहरणावरून बघू.

माणसाच्या एका जनुकाचं नाव होतं सेप्ट२. सेप्टिन नावाच्या प्रथिनावरून पडलेलं. एक्सेलच्या रकान्यात हे नाव टाकलं की एक्सेल आपल्याला न विचारताच त्याची तारीख करून टाकायचं, २ सप्टेंबर. आता तुम्ही म्हणाल, दिसली चूक की करू दुरुस्त. पण मार्च१ आणि मार्क१ ही दोन निराळी जनुकं होती आणि दोघांचीही १ मार्च व्हायची. पहिल्याचा संबंध प्रतिकारशक्तीशी, दुसऱ्याचा यकृताच्या आजारांशी. तक्त्यात नुसतं १ मार्च उरलं तर मूळ जनुक कोणतं, हे त्या रकान्यावरून कळायला मार्गच नाही.

ही अडचण २००४ सालीच छापून आली होती. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १८ नियतकालिकांमधले, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेले ३,५९७ निबंध तपासले. त्यांतल्या ७०४ निबंधांत अशा चुका निघाल्या, म्हणजे पाचातल्या जवळपास एकात! शेवटी जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नावंच बदलली. सेप्ट२चं सेप्टिन२ झालं, मार्च१चं मार्चएफ१.

परीक्षकांना दोष देऊन भागणार नाही. ते पद्धत आणि निष्कर्ष पाहतात. पुरवणी फाईलमधल्या हजारो ओळी कोणी वाचतंच असं नाही. ते काम वापरणाऱ्याचं, म्हणजे आपलं.

मग करायचं काय? पबमेडवर शोधताना जनुकाचं नवं आणि जुनं, दोन्ही नावं टाका. नुसतं नवं टाकलं तर जुने निबंध हातून सुटू शकतात. जुनी नावं त्या समितीच्या संकेतस्थळावर मिळतात. निबंधात दुरुस्ती झाली आहे का, तो मागे घेतला आहे का, हे पबमेडवरच्या नोंदीत बघून घ्या. मग पुरवणी फाईल उघडा आणि जनुकांचा रकाना चढत्या क्रमाने लावा. तारखा झालेल्या नोंदी एक्सेलच्या लेखी आकडे असतात, त्या आपोआप सर्वांत वर येतात. आपण स्वतः यादी उघडताना तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ म्हणून निवडा. आणि जनुकांच्या जागा दिल्या असतील तर त्या जीनोमच्या कोणत्या आवृत्तीनुसार आहेत, ३७ की ३८, हे पाहिल्याशिवाय दोन निबंधांतले आकडे शेजारी ठेवू नका.

एक मात्र लक्षात असू द्या. तक्त्यात तारीख सापडली म्हणजे अख्खा निबंध खोटा ठरत नाही. पुष्कळदा हिशेब दुसऱ्या प्रणालीत बरोबर झालेला असतो, फक्त शेवटची यादी एक्सेलमध्ये बिघडते. पण तीच यादी आपण न बघता उचलली, तर इतरांची चूक आपल्या हिशेबात शिरते, आणि तिथून पुढे ती आपली असते.