खवल्यांची कसोटी : अपुरे आज्ञापालन आणि कोकणातले बेने इस्राएल

हिब्रू धर्मग्रंथात अर्धवट आज्ञापालनाला फारशी दयामाया नाही. अमालेकी या शत्रू लोकांचे काहीही शिल्लक ठेवू नये, अशी शौल राजाला आज्ञा होती. त्याने राजा अगागला जिवंत ठेवले, धष्टपुष्ट गुरेमेंढरेही राखली आणि ती देवाला बळी देण्यासाठीच आणल्याचे सांगितले. शमुवेल संदेष्ट्याने त्याला सुनावले, की देवाला बळीपेक्षा आज्ञापालन प्रिय आहे. शौलाचे राज्य जाणार, हे तिथेच ठरले. पुढे आसा, यहोशाफाट यांच्यासारख्या चांगल्या राजांचे गुण गातानाही ग्रंथकार त्यांनी उच्च स्थाने, म्हणजे टेकड्यांवरची पूजास्थळे, मोडली नाहीत, हे नोंदवायला विसरत नाही.

पण शौलाला आज्ञा ठाऊक होती. जिथे ग्रंथच हरवला, तिथे काय? योशीया राजाच्या काळात मंदिरात नियमशास्त्राची पोथी सापडली, तेव्हा राजाने कपडे फाडले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तर बेने इस्राएल हा एक सबंध यहुदी समाज शतकानुशतके पोथीवाचून राहिला.

बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. वंशज तेलघाणा चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. आठव्या दिवशीची सुंता टिकली, ‘शमा’ ही प्रार्थना टिकली, काही सण मराठी नावांनी टिकले : नव्याचा सण, बिरड्याचा रोजा. हनुक्का हा सण मात्र ठाऊक नव्हता.

सगळ्यात चिवट ठरला तो मासळीचा नियम. पर आणि खवले असलेलीच मासळी खावी, असे लेवीय व अनुवाद या पुस्तकांत सांगितले आहे. कोकणात राहून कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, माकूल वर्ज्य करायचे म्हणजे चेष्टा नव्हे. मुशी आणि शिंगाळाही बाद. आख्यायिका अशी, की दावीद राहाबी नावाच्या परदेशी यहुद्याने इथल्या बायकांपुढे सरमिसळ मासळी ठेवली. त्यांनी बिनखवल्यांची बाजूला काढली आणि हे आपलेच लोक, अशी त्याची खात्री पटली. राहाबी नेमका कोणत्या शतकातला, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तरी गोष्ट मार्मिक आहे : ओळख पटली ती पाठांतराने नव्हे, निवडटिपणाने. मटणाच्या रश्शात दुधादह्याऐवजी नारळाचे दूध घालण्याची या घरांतली रीतही अशीच. मांस आणि दूध वेगळे ठेवायला कोकणातला नारळ उपयोगी पडला.

ग्रंथ परत आले ते अनेक वाटांनी. कोचीनहून शिक्षक आले. 1796 मध्ये सामुएल दिवेकरांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. 1832 मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्याने मराठीतून हिब्रू व्याकरण काढले. हेतू धर्मांतराचा होता, फळ भलतेच आले : समाज आपल्याच ग्रंथांकडे वळला. 1846 मध्ये वल्हांडण सणाला वाचायचा ग्रंथ, हगादा, मराठी अनुवादासह छापला गेला.

मग उणिवांचा हिशोब सुरू झाला. शेजाऱ्यांच्या चालीप्रमाणे विधवाविवाह टाळला जाई. निपुत्रिक भावाच्या विधवेशी दिराने लग्न करण्याचा नियम आणि घटस्फोटाचे शास्त्र पाळले गेले नव्हते. समाजातले लोक इस्राएलला जाऊन राहू लागले, तेव्हा यावरूनच तिथे वाद पेटला. 1962 मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने विवाहापूर्वी बेने इस्राएलांची वंशचौकशी करण्याचे निर्देश दिले. ही कठोरता शास्त्राच्या कसोटीवरही अन्यायाची होती. गणना या पुस्तकात अजाणता झालेली चूक आणि उद्दामपणे केलेला भंग वेगळे धरले आहेत. तालमुदात तर लहानपणीच परक्यांच्या हाती सापडलेल्या मुलाचा स्वतंत्र विचार आहे. शिवाय धर्मशास्त्रातल्या 613 आज्ञांपैकी पुष्कळशा जेरुसलेमच्या मंदिरातल्या यज्ञयागांच्या. इसवी सन 70 मध्ये मंदिर पडल्यावर त्या कोणालाच पाळता येत नाहीत.

1964 च्या उन्हाळ्यात बेने इस्राएलांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले. ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर धर्मपीठाने निर्देशांतून बेने इस्राएल हे नाव वगळले. ज्याच्या कुळाविषयी शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करण्याचे कलम मात्र राहिले.