ओठातले आणि पोटातले : इस्लाममधील ‘ईमान’

आपल्या बऱ्हाणपुरात मराठी घरे आणि मुसलमान शेजार पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत आहेत. ईदचा शीरखुर्मा इकडे येतो, दिवाळीचा फराळ तिकडे जातो. पण ‘कलमा म्हटला की झाला का मुसलमान?’ असे घरातल्या मुलांनी विचारले, तर आपल्यापैकी बरेच जण अडखळतात. मंडळाच्या सभासदांसाठी हा विषय थोडक्यात मांडत आहोत.

अल्लाहखेरीज कोणी उपास्य नाही आणि मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत, या अर्थाच्या साक्षीला शहादा म्हणतात. इस्लामी पंडितांनी श्रद्धेच्या संदर्भात दोन गोष्टी वेगळ्या केल्या. तस्दीक म्हणजे अंतःकरणाने खरे मानणे आणि इकरार म्हणजे जिभेने कबूल करणे.

भारतातले बहुसंख्य सुन्नी हनफी पंथाचे आहेत. इमाम अबू हनीफा (निधन इ.स. 767) यांच्या मते ईमानाला दोन्ही हवे. पुढे समरकंदच्या मातुरीदी (निधन 944) यांच्या परंपरेत तस्दीक हाच गाभा मानला गेला. विवाह, वारसा, दफन अशा व्यवहारांत समाजाने त्या माणसाला मुसलमान म्हणून ओळखावे, यासाठी इकरार. अहमद इब्न हंबल (निधन 855) यांनी मात्र आचरणही ईमानातच धरले.

आम्ही बँकेत खातेदाराची सही नमुन्याच्या सहीशी पडताळत असू. सही करणाऱ्याची नियत पाहण्याची सोय कोणत्याच काउंटरवर नव्हती. व्यवहार सहीवर चाले. इकरारचेही तसेच आहे.

मग ओठात एक आणि पोटात दुसरे असेल तर? कुराणात अशा ढोंग्यांना मुनाफिक म्हटले आहे आणि त्यांच्या नावाचा एक स्वतंत्र अध्याय, 63 वा, आहे. उलट बाजूही आहे. मक्केत अम्मार इब्न यासिर यांचा छळ करून त्यांच्या तोंडून श्रद्धेविरुद्ध शब्द वदवले गेले. मन श्रद्धेवर स्थिर असेल तर बळजबरीने उच्चारलेल्या शब्दांचा दोष नाही, असे 16 व्या अध्यायात सांगितले आहे आणि परंपरा तो प्रसंग अम्मार यांच्याशी जोडते.

प्रेषितांचे चुलते अबू तालिब यांच्याबद्दल तर आजही मतभेद आहेत. त्यांनी साक्ष उच्चारली नाही, म्हणून बहुतेक सुन्नी पंडित त्यांना मुसलमान मानत नाहीत. शिया म्हणतात, श्रद्धा अंतरात होती, ती त्यांनी झाकून ठेवली.

आपल्या गावच्या दर्गाह-ए-हकीमीला देशोदेशीचे दाऊदी बोहरा येतात. तेही शियाच. शिया परंपरेत याबाबत एक सुंदर दाखला देतात. काब्यात असलेला माणूस भोवतालच्या मशिदीत असतोच, पण मशिदीतला प्रत्येक जण काब्यात असतो असे नाही. मशीद म्हणजे जाहीर इस्लाम, काबा म्हणजे आतले ईमान.

पण दुसऱ्याच्या मनातले कोणी ठरवायचे? लढाईत एका शत्रूने ऐन वेळी साक्ष उच्चारली, तरी उसामा इब्न झैद यांनी त्याला मारले. तो जिवाच्या भीतीने बोलला, असे त्यांचे म्हणणे. त्यावर प्रेषितांनी त्यांना खडसावले : तू त्याचे हृदय चिरून पाहिलेस का? हे हदीसच्या ग्रंथांत नोंदलेले आहे.

आपल्या जामा मशिदीत राजा अलीखान फारुकी याच्या काळचा, 1590 चा संस्कृत शिलालेख आहे. अरबी लेखाच्या जोडीला तो आहे. सृष्टिकर्त्याला वंदन करून त्यात फारुकी राजांची वंशावळ दिली आहे. गावातल्या संस्कृत जाणणाऱ्यांना कळेल अशा भाषेत केलेला हा एका राजाचा इकरारच म्हणायचा. त्याच्या मनात काय होते, हे चारशे वर्षांनी आम्ही सांगू शकत नाही. दगडावर कोरलेले तेवढे वाचता येते.

शेजाऱ्याच्या बाबतीतही हाच नियम बरा. तो जे सांगतो ते खरे धरावे. अंतरातला हिशेब त्याचा आणि त्याच्या परमेश्वराचा. मुलांना आम्ही हेच उत्तर देतो.