इराणचे सम्राट आणि ईश्वरी योजना

मुंबईत शिवडीहून दादरच्या बाजूस निघाले की फार दूर न जाता पारशी वसाहत लागते. सायरस, दारायस, जमशेद ही नावे तेथे आजही हाकेत ऐकू येतात. खुद्द शिवडीस शहरातील मोठी ख्रिस्ती दफनभूमी आहे. तेथे आप्तांना अखेरचा निरोप देणारी मराठी ख्रिस्ती कुटुंबे जे पवित्र शास्त्र वाचतात, त्यात हाच सायरस ‘कोरेश’ आणि हाच दारायस ‘दारयावेश’ होऊन भेटतो. मांडवीच्या बाजूस १७९६ साली बांधलेले बेने इस्राएलांचे सभास्थान आहे. मराठी ही मातृभाषा असलेल्या त्या समाजाच्या धर्मग्रंथांतही हेच राजे आहेत. उपासना तीन, परंतु राजे तेच! ह्या राजांच्या सत्तेमागे ईश्वराचा हात होता, असे हे ग्रंथ सांगतात. मग सत्ता ईश्वराने दिली म्हणजे राजाचे प्रत्येक कृत्य पवित्र ठरते काय?

प्रथम कोरेशाकडे वळू. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर ह्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले व यहूदी लोकांना बंदी करून नेले. पुढे इ. स. पू. ५३९ मध्ये कोरेशाने बाबेल जिंकले. बंदिवानांना स्वदेशी परतून मंदिर पुन्हा बांधण्याची त्याने मोकळीक दिली, असे एज्राच्या ग्रंथात सांगितले आहे. यशयाच्या ग्रंथात तर त्याला ‘अभिषिक्त’ म्हटले आहे. हे बिरुद एरव्ही इस्राएलाच्या स्वतःच्या राजांचे. ते एका परक्या आणि परधर्मी राजाला मिळावे, ही गोष्ट लहान नव्हे. त्याहून विलक्षण असे की, हा राजा आपल्याला ओळखतही नाही, असे ईश्वर त्याच ठिकाणी बजावतो. सुताराच्या हातातील किकऱ्याला घराचा आराखडा ठाऊक असावा लागत नाही. काम मात्र त्याच्याकडून होते. कोरेशाची योजना तशी होती. बंदिवानांची सुटका हे ते काम होय.

ह्याच घटनेची दुसरी साक्ष मातीत पुरलेली होती. १८७९ साली होर्मुझ्द रस्सम ह्यांना बाबेलच्या अवशेषांत कोरेशाचा लेख कोरलेला वीतभर लांबीचा मातीचा नळा सापडला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील हा नळा २०१३ च्या डिसेंबरात मुंबईस आला, आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुंबईकरांना तो काही आठवडे पाहावयास मिळाला. त्या लेखात बाबेलचा देव मार्दुक न्यायी राजाच्या शोधात सर्व देश धुंडाळतो आणि कोरेशाचा हात धरून त्याला बाबेलकडे आणतो. यशयाच्या ग्रंथातही ईश्वर कोरेशाचा उजवा हात धरतो. विजय एकच; पण बाबेलच्या पुरोहिताने त्याचे श्रेय मार्दुकास दिले, तर यहूदी संदेष्ट्याने आपल्या ईश्वरास. नळ्यावरील लेखात यरुशलेमचे नाव नाही. तथापि मूर्ती व माणसे आपापल्या ठिकाणी परत पाठविण्याचे धोरण त्यात स्पष्ट दिसते.

दारयावेशाने स्वतःविषयी जे म्हटले, ते बेहिस्तूनच्या कड्यावर तीन भाषांत कोरलेले आहे. ते उतरवून घेऊन वाचणारा हेन्री रॉलिन्सन हा कंपनी सरकारच्या मुंबई लष्करातील अधिकारी होता. १८२७ साली तो प्रथम हिंदुस्थानात आला. आपण अहुरमज्दाच्या कृपेने राजे झालो, हे दारयावेश त्या लेखात पुन्हापुन्हा सांगतो, आणि कारणही देतो: आपण असत्याचरणी नव्हतो. असत्याला तेथे ‘द्रौग’ हा शब्द आहे. आपला ‘द्रोह’ त्याचाच भाऊबंद. परंतु दारयावेश पूर्वीच्या राजाचा पुत्र नव्हता. इ. स. पू. ५२२ मध्ये ज्याला त्याने तोतया म्हणून मारले, तो कोरेशाचा खरा पुत्रच असावा, अशी शंका अनेक इतिहासकार घेतात. म्हणजे ज्याचा हक्क वादग्रस्त, तोच ईश्वराचे नाव अधिक वेळा घेतो, असाही प्रकार घडतो.

ह्या धोक्याची जाणीव इराणी धर्मग्रंथांना नव्हती असे नाही. राजाला लाभणाऱ्या दैवी तेजास अवेस्तात ‘ख्वरेनह’ म्हटले आहे. जम्याद यश्तात यिम, म्हणजेच जमशेद, असत्य बोलू लागताच ते तेज पक्ष्याच्या रूपाने त्याला सोडून जाते. आपल्याकडेही मनुस्मृतीने राजा आठ लोकपालांच्या अंशांनी बनलेला सांगितला. पण धर्मापासून ढळलेल्या राजाचा दंडच सकुल नाश करतो, हेही तिनेच सांगितले. उन्मत्त वेन राजाला ऋषींनी मारल्याची कथा पुराणांत आहे. राजतेज ही ठेव आहे. ती वापरावयाची, आपली समजावयाची नव्हे.

बेने इस्राएल लोक ज्याला ‘होळीचा सण’ म्हणतात, त्या पुरीमच्या दिवशी सभास्थानात एस्तेरची कथा वाचली जाते. ऐतिहासिक आधार ह्या कथेला बाहेरून मिळत नाही. पण तिचा बोध मार्मिक आहे. सम्राट अहश्वेरोश मंत्री हामानाच्या सांगण्यावरून एका सबंध लोकसमूहाच्या संहाराचा हुकूम सुटू देतो. एके रात्री त्याला झोप येत नाही, दप्तर वाचून घेता घेता मर्दखयाचे जुने उपकार त्याच्या कानी पडतात, आणि तेथून सारे पारडे फिरते. मूळ हिब्रू ग्रंथात ईश्वराचे नाव एकदाही आलेले नाही! तरीही योजना चालूच आहे. मात्र तिला एस्तेरचे धैर्य लागते. बोलावणे नसता राजापुढे जाणे म्हणजे मरण, हे ठाऊक असून ती जाते.

इ. स. पू. ३३० च्या सुमारास अलेक्झांडरच्या स्वारीपुढे ते साम्राज्य लयास गेले. सिंहासन राहिले नाही, पण कोरेशाचे नाव पारशी मुलाच्या हाकेत, ख्रिस्ती घरातील शास्त्रवाचनात आणि यहूदी प्रार्थनामंदिरात राहिले. बाबेल जिंकणारे पुढे आणखीही झाले. बंदिवानांना घरी धाडणारा म्हणून तो स्मरणात राहिला. धर्मग्रंथांच्या दृष्टीने सत्तेची परीक्षा एवढीच, की ती कोणाच्या बेड्या तोडते आणि कोणाच्या हातांत घालते.