शिकारी कुत्रा आणि आपलें घर

मुधोळ जातीचा कुत्रा घरीं आणावा काय, असें आमचे जुने विद्यार्थी आम्हांस पुष्कळदां विचारतात. सडपातळ अंग, खोल छाती, लांब पाय. मन मोहून जावें असेंच तें रूप! मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं या जातीची जोपासना केली. २००५ सालीं ती टपाल-तिकिटावरही झळकली.

रूपास भुलून आम्हींही एक आणिला व ओसरीच्या खांबास बांधिला. त्यानें दोर कुरतडले, अंगण उकरलें. रात्रभर तो रडे. आम्हीं त्यास द्वाड ठरविलें. अपराध मात्र आमचा होता. हा श्वान वासापेक्षां दृष्टीनें शिकार हेरतो. दूर कांहीं हललें कीं त्याचे पाय आवरत नाहींत. धांवणें हाच त्याचा स्वधर्म. पुढें पुतण्या त्यास रोज पहाटे कुंपणाच्या शेतांत धांववूं लागला, तेव्हां तोच प्राणी दिवसभर मुलांच्या पायांशीं शांत निजूं लागला. मोकळ्या रानांत मात्र त्यास सोडूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें सशाचीही शिकार निषिद्ध आहे.

तरी वाचकहो, पिलाचें रूप पाहण्यापूर्वीं, पहाटे त्याच्यासाठीं उठणारें घरांत कोण आहे, तें पाहावें. कोणी नसेल, तर मोह आवरावा. त्यांतच उभयतांचें हित आहे.